हार्मोन बिघडलेत, पण कुठला? पहिल्यांदाच तपासणीला निघालेल्या बायकांसाठी

मी कराडला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते, ११ वर्षं झाली. सकाळी ७ ला शटर उघडलं की "हार्मोन्स करायचेत" म्हणत कोणी ना कोणी आलेलीच असते, हातात चिठ्ठी, कधी डॉक्टरची तर कधी मोबाईलवर आलेल्या पॅकेजच्या जाहिरातीचा फोटो. मी विचारते, ताई, पाळीचा आज कितवा दिवस? की मुलगी आईकडे बघते आणि आई मुलीकडे, मग दोघी मिळून आठवायला लागतात, मामाच्या मुलीच्या साखरपुड्याला तुझी अडचण होती ना, नाही गं ते त्याच्या आधीचं. तोवर मागे लाइन लागलेली असते, मग त्या म्हणतात काढा ना रक्त, आलोय तर होऊन जाऊ दे. आणि असं काढलेलं रक्त पुष्कळदा वाया जातं, पैसे जातात आणि रिपोर्टमधून काहीच कळत नाही.

म्हणून हे लिहितेय. मी डॉक्टर नाही, निदान करणं माझं काम नाही, पण तपासणीच्या आधी आणि नंतर बायकांचं कुठे चुकतं ते मी रोज बघते आणि माझा स्वतःचा थायरॉइड ६ वर्षांपासून आहे.

पहिली गोष्ट, "हार्मोन इम्बॅलन्स" हे कुठल्या आजाराचं नाव नाही. ताप आलाय म्हटल्यावर आपण कशाचा ताप म्हणून विचारतो, मलेरियाचा का टायफॉइडचा, तसंच इथे विचारायचं, कुठला हार्मोन, कमी झालाय का जास्त. शरीरात थायरॉइडचा वेगळा, बीजकोषाचा वेगळा, मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीचा वेगळा असा कारभार चालतो आणि प्रत्येकाची गोळी वेगळी आहे. सगळे हार्मोन एकदम बॅलन्स करून देणारी पावडर कोणी विकत असेल तर त्याला एवढंच विचारा, कुठला हार्मोन?

पायरी १ : तीन महिने पाळी लिहून ठेवा

ही सगळ्यात स्वस्त तपासणी आहे आणि डॉक्टर सगळ्यात आधी हेच विचारतात. ॲप वापरा किंवा स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर पेनाने गोल करा, काहीही चालेल. ज्या दिवशी नीट रक्तस्राव सुरू झाला तो पहिला दिवस, आदल्या दिवशी नुसता डाग लागला असेल तर तो धरायचा नाही. या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत मोजायचं. खूप जणी पाळी संपल्यापासून मोजतात आणि मग म्हणतात माझी २२ दिवसांनी येते, नीट मोजलं की २७ निघतात, म्हणजे काहीच बिघडलेलं नसतं.

मोठ्या बाईत २१ ते ३५ दिवसांचं चक्र नॉर्मल धरतात. दर महिन्याला तीच तारीख यायला पाहिजे असं अजिबात नाही, चार दिवस मागेपुढे होणारच. वर्षात ८ पेक्षा कमी पाळ्या आल्या तर मात्र दाखवायला हवं. शाळेतल्या मुलींचं गणित वेगळं आहे, पाळी सुरू झाल्यावर पहिलं वर्ष ती कशीही येऊ शकते आणि पहिली तीन वर्षं ४५ दिवसांपर्यंतचं अंतर चालतं, त्यामुळे आठवीतल्या मुलीची पाळी दीड महिन्याने आली म्हणून लगेच पीसीओडीचा (बीजकोषाच्या हार्मोनचा बिघाड, पुढे लिहिलंय) शिक्का मारून घेऊ नका. पण एकदा का पाळी ९० दिवसांच्या वर लांबली, किंवा १५ वर्षांची झाली तरी सुरूच झाली नाही, तर वाट बघत बसायचं नाही.

दिवसांबरोबर अजून दोन गोष्टी लिहा. दिवसाला किती पॅड लागले, आणि त्या महिन्यात पाळी पुढे ढकलायची गोळी घेतली होती का. हे दुसरं कोणी सांगतच नाही. गौरी-गणपतीला, सत्यनारायणाला, दिराच्या लग्नाला मेडिकलमधून गोळ्या आणून खाल्लेल्या असतात, घरातल्याच कोणीतरी आणून दिलेल्या असतात आणि पुढचे दोन महिने पाळी इकडेतिकडे झाली की हार्मोन बिघडले म्हणून धावपळ. ती गोळी म्हणजेच हार्मोन असतो, नॉरएथिस्टेरॉन. ज्यांना आधी कधी पायात रक्ताची गाठ झाली आहे त्यांनी तर डॉक्टरला विचारल्याशिवाय तिला हातच लावू नये. मला मनापासून वाटतं की पूजेसाठी बाईच्या अंगातलं चक्र गोळीने ढकलायची वेळच येऊ नये, पण घेतली असेल तर निदान लिहून ठेवा आणि डॉक्टरपासून लपवू नका.

पायरी २ : शरीर काय सांगतंय ते नीट बघा

लक्षणं एकेकटी बघितली तर सगळीच सगळ्यांना असतात. थकवा कुणाला नाही, केस कुणाचे गळत नाहीत. दोन-तीन एकत्र येतात का ते बघायचं.

थकवा, थंडी सहन न होणं, बद्धकोष्ठता, कोरडी त्वचा, आवाज जड, खाणं तेवढंच पण वजन हळूहळू वर आणि पाळीला अंगावरून जास्त जाणं, हे थायरॉइड कमी पडल्यासारखं दिसतं. उलट छातीत धडधड, हात थरथरणं, घाम, भूक लागूनही वजन उतरणं, झोप नाही, हे थायरॉइड जास्त झाल्याचं. मानेच्या पुढच्या बाजूला सूज दिसतेय का तेही आरशात पाणी गिळताना बघा.

माझं पहिल्यातलं होतं. धाकटा ५ महिन्यांचा असताना मला जिना चढताना रडू यायचं, इतकी ताकद गेलेली. सगळे म्हणायचे बाळंतपणानंतर होतंच असं, रात्रीची जागरणं असतात, डिंकाचे लाडू खा. मीही तेच मानलं, आणि काम काय तर दिवसभर दुसऱ्यांच्या टीएसएचचं, म्हणजे थायरॉइडच्या टेस्टचं, रक्त काढायचं! शेवटी लॅबमधल्या मॅडमनी एक दिवस माझा सुजलेला चेहरा बघून हात धरून खुर्चीत बसवलं आणि स्वतः सुई घातली, टीएसएच ३८ आला, नॉर्मल साधारण ४ पर्यंत असतो, थायरॉइड कमी पडला की हा आकडा वाढतो. बाळंतपणानंतरच्या पहिल्या वर्षात थायरॉइड बिघडणं ही माहीत असलेली गोष्ट आहे. त्यामुळे घरात ओली बाळंतीण असेल आणि ती खूपच गळाल्यासारखी, उदास वाटत असेल तर लाडू जरूर द्या पण एकदा टीएसएच आणि हिमोग्लोबिन पण करा. आणि उदासी फार असेल, बाळाजवळसुद्धा मन रमत नसेल, तर तेही डॉक्टरला सांगा, त्याचा वेगळा इलाज असतो.

आता पीसीओएस, ज्याला आपल्याकडे सगळे पीसीओडी म्हणतात. लांबलेल्या पाळ्या, हनुवटीवर, ओठावर, छातीवर, बेंबीखाली जाड काळे केस, जबड्याच्या कडेने दुखरे पिंपल्स, डोक्याच्या मधल्या भांगाला केस विरळ, आणि मान. मानेबद्दल जरा जास्त लिहिते कारण ते बघून फार वाईट वाटतं. मागे एक मुलगी आली होती, अकरावीतली, रक्त काढायला बाही वर केली तर काखेत आणि मानेच्या मागे काळा जाडसर पट्टा, हात लावला तर मखमलीसारखा लागणारा, आणि त्याच्यावर लाल ओरखडे. आईने सांगितलं, रोज लिंबू आणि साखरेने घासते, नीट आंघोळच करत नाही ही. मुलगी खाली मान घालून. अहो तो मळ नाहीये. रक्तात इन्सुलिन जास्त राहिलं की तिथली कातडी तशी जाड आणि काळी होते, ती घासून कधीच जाणार नाही, आतलं सुधारलं की हळूहळू फिकी पडते. तुमच्या घरात, शेजारी कुणाची मान अशी असेल तर कृपा करून तिला घासायला सांगू नका, शुगर तपासायला सांगा.

बाळ अंगावर पीत नसताना स्तनातून दूध येणं आणि पाळी लांबणं हे प्रोलॅक्टिनकडे, म्हणजे दूध आणणाऱ्या हार्मोनकडे बोट दाखवतं.

चाळिशी ओलांडलेल्यांनी हे बघा, रात्री एकदम अंगातून गरम वाफा आल्यासारखं होऊन घामाने गाऊन भिजतो, झोप मोडते, चिडचिड, पाळी कधी १५ दिवसांनी कधी दोन महिन्यांनी, योनी कोरडी पडून संबंधाच्या वेळी दुखणं. ही पाळी जायच्या आधीची वर्षं, भारतात पाळी जायचं सरासरी वय ४६-४७ च्या आसपास आहे. सलग १२ महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात. चाळिशीच्या आत जात असेल तर ते लवकर आहे, हाडांसाठी आणि हृदयासाठी डॉक्टरला दाखवायलाच हवं, सुटलो एकदाचे म्हणून गप्प बसू नका.

यात थांबायचंच नाही अशा काही गोष्टी आहेत, त्यासाठी तीन महिने वही भरत बसू नका. तासाला एक पॅड पूर्ण भिजतंय आणि असं दोन-तीन तास चाललंय, चक्कर येतेय, सरळ हॉस्पिटल. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर परत थेंबभर जरी रक्त दिसलं तरी त्याच आठवड्यात गायनॅककडे, "परत पाळी आली" असं समजायचं नाही, कारण गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर नाही ना हे आधी बघावं लागतं. दोन-तीन महिन्यांतच आवाज पुरुषी झाला, अंगावर केस झपाट्याने वाढले, तरी लगेच. आणि डोकेदुखी, बाजूचं कमी दिसणं आणि स्तनातून दूध असं एकत्र असेल तरी लगेच.

पायरी ३ : घरातली औषधांची पिशवी उलटी करा

डॉक्टरकडे जायच्या आधी घरात जे जे खाता, लावता ते एका पिशवीत घाला आणि ती पिशवीच घेऊन जा. माझ्या अनुभवात निम्मी कोडी इथे सुटतात.

ॲसिडिटीच्या ज्या गोळ्या लोक महिनोन्महिने सकाळी उठून घेतात त्यातल्या बऱ्याच गोळ्यांत पॅन्टोप्राझोलबरोबर डॉमपेरिडोन असतं, काहींत लेव्होसल्पिराइड असतं, आणि ही दोन्ही प्रोलॅक्टिन वाढवतात. पाळी लांबते, दूध येतं, बाई घाबरते की मेंदूत गाठ आहे का, आणि कारण पाकिटात असतं. मानसिक आजारावरच्या काही गोळ्यांनीही वाढतं, पण त्या स्वतःच्या मनाने कधीही बंद करायच्या नाहीत, नुसतं डॉक्टरला दाखवायचं.

दुसरं, गोरं होण्याची क्रीम. ट्यूबच्या मागे बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन असं काही लिहिलेलं असेल तर ते स्टेरॉइड आहे. चेहऱ्यावर रोज लावलं की पिंपल्स येतात, कातडी पातळ होऊन लाल पडते आणि हो, लव पण वाढते. मग ती बाई हार्मोनची तपासणी करायला येते. अशी क्रीम एकदम सोडली तर चेहरा भडकतो म्हणून स्किनच्या डॉक्टरला विचारून सोडायची.

तिसरं, केसांसाठी बायोटिन. हल्ली गमीज निघाल्यात, मुली चॉकलेटसारख्या खातात. बायोटिनने थायरॉइड बिघडत नाही पण थायरॉइडची टेस्ट बिघडते, कितीतरी मशिनवर टीएसएच खोटा कमी दिसतो आणि टी-थ्री टी-फोर हे थायरॉइडचे हार्मोन खोटे जास्त, म्हणजे कागदावर तुम्हाला हायपरथायरॉइड, थायरॉइड जास्त झालेला. टेस्टच्या आधी निदान दोन-तीन दिवस बंद ठेवा, डोस मोठा असेल तर किती दिवस ते लॅबला विचारा.

लेबल नसलेली वजनाची, सांधेदुखीची, दम्याची पुडी कोणी दिली असेल तर तीही पिशवीत टाका, अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं.

पायरी ४ : कुणाकडे जायचं

सुरुवात फॅमिली डॉक्टर किंवा गायनॅककडे. एंडोक्रायनॉलॉजिस्ट म्हणजे हार्मोनचेच डॉक्टर, पण ते मोठ्या शहरांतच जास्त असतात आणि सगळ्यांना त्यांच्याकडे जायची गरज पडत नाही, साधा थायरॉइड एमडी फिजिशियन छान सांभाळतात. मुंबईत परळला केईएममध्ये एंडोक्रायनॉलॉजीचा स्वतंत्र विभाग आहे आणि परळलाच आयसीएमआरची, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेची, प्रजनन आरोग्यावर संशोधन करणारी संस्था आहे, तिथे पीसीओएसचं क्लिनिक चालतं, मुंबईकडच्यांनी आणि खर्च झेपत नसलेल्यांनी जरूर चौकशी करा.

जायच्या आधी एक करू नका, थ्रेडिंग. हनुवटी, ओठ स्वच्छ करून जातात आणि मग डॉक्टरला काही दिसत नाही, विचारलं की लाजून "थोडे येतात" म्हणतात. आठवड्याला थ्रेडिंग करावं लागतं का महिन्याला, हे स्पष्ट सांगा, ते टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनच्या आकड्याइतकंच महत्त्वाचं आहे. सासूबाई, नवरा बाहेर थांबू देत, संबंध, गर्भपात, गोळ्या याबद्दल एकटीने बोलायला मिळालं पाहिजे.

पायरी ५ : रक्त कधी द्यायचं

पाळी चुकलीय आणि दिवस राहायची शक्यता आहे तर पहिली टेस्ट लघवीची, घरची, बाकी सगळं नंतर. हे ऐकून बायका रागावतात, पण मी हजारोंची पॅकेज करून शेवटी गुड न्यूज निघालेली बघितली आहे, आणि मधल्या काळात पाळी आणायच्या गोळ्या खाल्लेल्या होत्या.

थायरॉइडचं रक्त कुठल्याही दिवशी देता येतं, उपाशीपोटी असायलाच पाहिजे असंही नाही, फक्त दर वेळी साधारण सकाळच्या त्याच वेळेला द्या म्हणजे आकडे एकमेकांशी जुळवता येतात. गोळी चालू असेल तर रक्त देऊन मग घ्या, डबी पर्समध्ये आणा.

प्रोलॅक्टिनला सकाळी उठून तास-दोन तास झालेले हवेत, उपाशीपोटी, आणि येऊन १५-२० मिनिटं शांत बसा. धावत बस पकडून आलात, वाटेत भांडण झालं, सुईची भीती वाटली, एवढ्यानेही तो वाढतो. थोडासा वाढलेला दिसला तर घाबरायच्या आधी परत एकदा करतात. आणि थायरॉइड खूप कमी असेल तरीही प्रोलॅक्टिन वर जातो, अशा वेळी आधी थायरॉइडचा इलाज.

एफएसएच, एलएच, इस्ट्राडिओल हे बीजकोषाच्या कामाचे हार्मोन पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. अंगावर जात असताना यायला कसंतरी वाटतं मला माहीत आहे, पण त्याच दिवशी त्यांचा अर्थ लागतो. प्रोजेस्टेरॉन बीज फुटलं का बघायला करतात, आणि सगळ्यांना २१ वा दिवस सांगतात ते फक्त २८ दिवसांच्या पाळीला बरोबर आहे, पुढची पाळी यायच्या ७ दिवस आधी असं ते गणित आहे, म्हणजे तुमची ३५ दिवसांनी येत असेल तर २८ वा दिवस. बघा, वही कामाला आली ना.

टेस्टोस्टेरॉन सकाळी, आणि गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर तो आकडा विश्वासाचा नसतो, गोळ्या थांबवून किती दिवसांनी करायचा ते डॉक्टर सांगतील.

पीसीओएसचा संशय असेल तर शुगर विसरू नका. नुसती उपाशीपोटीची पुरत नाही, ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी पिऊन दोन तासांनी करतात ती जास्त सांगते, १४० च्या वर गेली की सावध व्हायचं आणि २०० म्हणजे डायबेटिस. ते पाणी गोडमिट्ट असतं, हळूहळू पाच मिनिटांत प्या आणि दोन तास लॅबमध्येच बसा, मधे बाजार करून यायचं नाही. फास्टिंग इन्सुलिनची महागडी टेस्ट पॅकेजमध्ये हमखास असते, पण पीसीओएसच्या निदानाला तिची गरज नसते.

४५ वरच्या बाईला गरम वाफा आणि पाळी पुढेमागे हे एवढं पुरतं, त्यासाठी एफएसएच लागत नाही. तो रोज बदलतो, आज २० उद्या ६०.

आणि अंगावरून जास्त जात असेल तर सीबीसी (हिमोग्लोबिनसकट रक्ताची साधी तपासणी) आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) सगळ्यात आधी. हिमोग्लोबिन १२ च्या खाली म्हणजे रक्त कमी. किती तरी बायका हार्मोन हार्मोन करत येतात आणि हिमोग्लोबिन ७ निघतं, तो थकवा, ती केसगळती, ती धाप त्याचीच असते.

पायरी ६ : सोनोग्राफीच्या कागदाला घाबरू नका

"बल्की ओव्हरीज, पीसीओ पॅटर्न" असं लिहून आलं की घरात रडारड होते, मुलीला मूल होणार नाही, लग्न कसं जमायचं. दोन गोष्टी शांतपणे ऐका. त्या गाठी नसतात, पूर्ण न वाढलेली बीजं असतात, ऑपरेशन करून काढायची नसतात. आणि नुसत्या सोनोग्राफीवर पीसीओएस ठरत नाही. २००३ साली नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमला ठरलेले निकष आजही वापरतात, अनियमित पाळी, पुरुषी हार्मोन जास्त असल्याची लक्षणं किंवा रिपोर्ट, आणि सोनोग्राफी, तीनपैकी दोन हवेत, तेही थायरॉइड आणि प्रोलॅक्टिनसारखी इतर कारणं बाजूला काढल्यावर. पाळी सुरू होऊन ८ वर्षं झाली नसतील तर सोनोग्राफी निदानाला धरायचीच नाही, त्या वयात ओव्हरी तशी दिसणं नॉर्मल असतं. म्हणजे १७ वर्षांच्या मुलीला पाळी नियमित असताना फक्त सोनोग्राफीवरून पीसीओडी सांगितला असेल तर दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या.

आणि मूल होतं. काहींना आपोआप, काहींना बीज फुटायच्या गोळ्या घेऊन. उलट पाळी अनियमित आहे म्हणजे दिवस राहणारच नाहीत असं धरून चालू नका, बीज कधी फुटेल सांगता येत नाही, नको असेल तर साधन वापरायलाच हवं.

पायरी ७ : इलाज सुरू झाल्यावर

थायरॉइडची गोळी कशी घ्यायची हे बाटली हातात देताना कोणीच नीट सांगत नाही. सकाळी उठल्यावर साध्या पाण्याबरोबर, मग अर्धा ते एक तास काही नाही, चहासुद्धा नाही. आपल्याकडे मारामारी चहाचीच असते. माझी सोय मी अशी केली, बाटली उशाशी, पाण्याचा तांब्या शेजारी, पाच वाजता अलार्म झाला की अंथरुणातच गोळी, मग पाणी तापवणं, डबा, सडा-रांगोळी होईपर्यंत चहाची वेळ होते. कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या तिच्यापासून ४ तास लांब, म्हणजे दुपारी जेवणानंतर. नवरात्रात, संकष्टीला उपवास असला तरी गोळी घ्यायची, औषधाने उपवास मोडत नाही. डोस बदलल्यावर ६ ते ८ आठवड्यांनी टीएसएच, त्याच्या आधी करून उपयोग नाही, शरीराला तेवढा वेळ लागतो. रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गोळी बंद करू नका, तो गोळीमुळे नॉर्मल आलाय. कमी-जास्त डॉक्टर करतील, बाळंतपणानंतरचा थायरॉइड काहींचा पूर्ण बराही होतो, पण ते त्यांना ठरवू दे. आयोडीनवालं साधं मीठ सोडून सगळा स्वयंपाक सैंधवात करायची फॅशन आलीय, ती नको, सैंधवात पुरेसं आयोडीन असेलच याची खात्री नसते. शिजवलेला कोबी मात्र बिनधास्त खा.

पीसीओएसमध्ये वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के कमी झालं तरी पाळीत फरक पडतो, म्हणजे ७० किलोची बाई साडेतीन ते सात किलो. एवढंच, बारीक व्हायचं टार्गेट नको. सगळ्यांचं वजन जास्त असतंच असंही नाही, सडपातळ मुलींनाही पीसीओएस असतो, त्यांना वजन कमी कर म्हणून छळू नका. खाण्यात वेगळं काही आणायला नको, ज्वारी-बाजरीची भाकरी, मोडाची उसळ, पालेभाजी, ताक, अंडी-मासे खात असाल तर ते, आणि भाताचा ढीग थोडा कमी. उपवासाला साबुदाण्याची खिचडी, वर बटाटा, वर दोन केळी, असा दिवस मात्र शुगरसाठी जड जातो, त्याऐवजी वरी-शेंगदाण्याची आमटी, राजगिरा, दही असं करा आणि पोटाचा अंदाज घ्या. आठवड्याला १५० मिनिटं घाम येईल असं चालणं आणि दोन दिवस ताकद लावायचा व्यायाम, घरात पाण्याच्या बाटल्या उचलल्या तरी चालतं. अळशी-भोपळ्याच्या बिया महिन्याच्या अमुक दिवसांत अमुकच खायच्या असं जे फिरतंय, त्या बिया चांगल्या आहेत, खा, पण त्याने पाळी ताळ्यावर येते याला भक्कम पुरावा नाही, त्याच्या भरवशावर गोळ्या सोडू नका.

मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी दिली तर जेवणाबरोबर घ्या, सुरुवातीला मळमळ, जुलाब होतात म्हणून डोस हळूहळू वाढवतात, आठवडाभर धीर धरा. वर्षानुवर्षं घेत असाल तर बी-१२ तपासत राहा. गर्भनिरोधक गोळ्या म्हटलं की कुमारिकेच्या आया दचकतात, लोक काय म्हणतील, पुढे मूल होणार नाही. पीसीओएसला त्या हार्मोनचा इलाज म्हणून देतात, बंद केल्यावर मूल होण्याची क्षमता त्याने जात नाही. पण बीपी जास्त, रक्ताची गाठ होऊन गेलेली, डोळ्यासमोर प्रकाशाच्या रेषा येऊन अर्धशिशी उठते, यातलं काही असेल तर आधी सांगा, मग त्या चालत नाहीत. मुख्य म्हणजे पाळी तीन-तीन महिने आलीच नाही तर आतलं अस्तर वाढत राहतं, म्हणून गोळी देऊन का होईना ते बाहेर काढावं लागतं. "बरंय, कटकट नाही" म्हणून सहा-आठ महिने बिनपाळीच्या राहणाऱ्या माझ्या माहितीत आहेत, तसं करू नका.

केसांवरच्या इलाजाला निदान ६ महिने द्या, आधीचे जाड केस गळून जायलाच तेवढे लागतात. तोवर थ्रेडिंग, वॅक्सिंग, लेझर जे परवडेल ते करा, त्याने केस वाढत नाहीत. केसांसाठी स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर दिवस राहू द्यायचे नाहीत, बाळाला धोका असतो.

गरम वाफांनी जीव हैराण असेल तर तेही सोसत बसायची गरज नाही. साठीच्या आत आणि पाळी जाऊन १० वर्षं झाली नसतील तर बऱ्याच जणींना हार्मोनची थेरपी देता येते, स्तनाचा कॅन्सर वगैरे झालेला नसेल तर. कोरडेपणाला नुसती लावायची क्रीम असते. विचारायला लाजू नका, आम्ही तिघी बहिणी, आमच्या आईने कधी कुणाला विचारलं नाही, रात्री उठून ओट्यावर ओला टॉवेल घेऊन बसायची.

फाइल एकच ठेवा, तारखेप्रमाणे, सगळ्यात नवा रिपोर्ट वर, शक्यतो त्याच लॅबचा कारण नॉर्मलचे आकडे लॅबप्रमाणे थोडे बदलतात. आणि थायरॉइडची गोळी चालू असताना पाळी चुकली, घरच्या टेस्टवर दोन रेषा आल्या, तर गोळी बंद करायची नाही, त्याच दिवशी डॉक्टरला फोन करायचा. पहिले काही महिने बाळ आईच्याच थायरॉइडवर असतं आणि डोस बहुतेक वेळा वाढवावाच लागतो, पहिल्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका.